गोळी आरपार गेली नाही

१६ जानेवारी १९९४, मलकपेठ

आज ठोकळा जमला. आधीचे दोन वाया गेले होते. एकाच्या वेळी पाणी फार तापलं आणि जिलेटिन सैल राहिलं, दुसऱ्यात फेस अडकला. आज हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात सावकाश ढवळलं आणि रात्रभर बॉटल कूलरमध्ये ठेवलं. साचा काढल्यावर पलीकडे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा ठोकळ्यातून वाचता आला. बुरशी धरू नये म्हणून दालचिनीच्या तेलाचे थेंब टाकतो, त्याचा वास कपड्यांना बसला आहे. शैला म्हणाली, "सरकारी नोकरी सोडून तुम्ही बिर्याणीचं दुकान काढलंय, असं वाटतंय शेजाऱ्यांना."

या जिलेटिनमध्ये गोळी साधारण माणसाच्या मांसात अडते तशी अडते. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी ठरवलेल्या चाचण्या केल्या. ही माझी स्वतःची. कुकटपल्लीतल्या आमच्या शेडमध्ये अंगरख्यासारखी चिलखती जॅकेटं शिवायची, ही कल्पना माझी. कापड आणण्याची हिंमत माझ्या भागीदाराची, कुलदीपची. पूर्वी हे गोळी अडवणारं पिवळं विलायती कापड परवान्याशिवाय देशात येत नसे. आता त्यानं सरळ मागवलं आणि गठ्ठे बंदरातून येऊन पडले. बाजारात मिळणाऱ्या जॅकेटांत लोखंडी पत्रे असतात. आमचं नुसत्या कापडाच्या थरांचं, हलकं. बायकोचा स्वेटर उचलावा तसं कुलदीप ते एका बोटावर उचलून गिऱ्हाइकाला दाखवतो.

२३ जानेवारी

शहराबाहेरच्या पोलिसांच्या नेमबाजीच्या मैदानावर परवानगी मिळाली. ठोकळे बर्फात, थर्माकोलच्या पेटीत घालून रिक्षाटेम्पोनं नेले.

रोख रकमेची वाहतूक करणाऱ्या सुरक्षा एजन्सीनं आपली बारा बोरची बंदूक आणि ती चालवायला आपला माणूस पाठवला. एकनाथराव. उदगीरकडचे, फौजेतून निवृत्त होऊन हैदराबादेत स्थायिक झालेले. मिशी पांढरी, पाठ ताठ. एजन्सीनं जॅकेटं घेतली तर ती घालणाऱ्यांत तेही असतील. ठोकळ्याला हात लावून म्हणाले, "साहेब, ही आमची छाती व्हय?"

"तशीच समजा."

"लई थंड हाय." आणि हसले.

आज जॅकेट न घालताच ठोकळ्यावर मारायचं होतं, मुळात गोळी काय करते ते कळावं म्हणून. आमच्या चाचणीतलं काडतूस छऱ्यांचं नाही, एकाच जाड शिशाच्या गोळीचं. देशी कट्टे बहुधा हेच काडतूस घेतात, आणि रोख रकमेच्या गाड्यांवर येणाऱ्या माणसांच्या हातात कट्टेच असतात. म्हणून एजन्सीनं हीच गोळी अडवून दाखवा म्हटलं आहे.

बार झाला. ठोकळा टेबलावरून उडाला, थरथरला आणि परत आपल्या आकारात आला. रायफलची गोळी बारीक भोक पाडते. हिनं मनगट जाईल एवढा बोगदा पाडला होता आणि पहिला ठोकळा ओलांडून दुसऱ्यात रुतली होती. चपटी, पाकळ्या फुटलेली. मी तराजू, पट्टी, कॅमेरा घेऊन बोगद्याची मापं घेत होतो. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नसेल. एकनाथराव बाजूला उभे राहून टोपी हातात घेऊन त्या बोगद्याकडे पाहत होते. मी त्यांना चहा प्यायला पाठवलं.

३० जानेवारी

अडली!

जॅकेट ठोकळ्यावर बांधलं, एकनाथरावांनी नेम धरला, बार. धावत गेलो. कापडाच्या थरांत शिशाची चकती अडकलेली, मागचा थर अखंड. ठोकळ्याला भोक नाही. कुलदीपनं मला मिठीच मारली. "उदयभाऊ, होऊन गेलं! काम होऊन गेलं आपलं!" मैदानावरच्या हवालदारासकट सगळ्यांना त्यानं इराणी चहा आणि बिस्किटं दिली.

एकनाथरावांनी ती चकती मागून घेतली, पोरीला दाखवायला. ज्योती नावाची एकच मुलगी, विद्यानगरच्या एसटीडी बूथवर बसते. ती रोज वडलांना सांगते की पहाऱ्यावर दाराशी उभे राहू नका, मागं राहा. "आता सांगतो तिला, साहेबांनी देवाचं कवच केलंय म्हणून." मी म्हणालो, देवाचं नाही, विलायती धाग्याचं. पण बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

३१ जानेवारी

शेडमध्ये ठोकळा तारेनं कापला. वरून धडधाकट दिसत होता, आत मात्र जॅकेटच्या मागच्या जागी काच तडकल्यासारख्या भेगा, ताटाएवढ्या जागेत पसरलेल्या. गोळी अडली, तिचा धक्का अडला नाही. कापड आत ढकललं गेलं असणार, खोल, आणि परत बाहेर आलं.

जिलेटिन परत मूळ आकार घेतं. माणूस घेतो का?

कुलदीपला दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गोळी तर नाही ना गेली?" तो एजन्सीच्या मॅनेजरला भेटायला निघाला होता. अर्थात काल काय झालं तेच सांगणार. भेगांचा अर्थ मलाच कळलेला नाही, तर त्यानं काय सांगावं?

४ फेब्रुवारी

मलकपेठच्या खाटकाकडे बकऱ्याच्या बरगड्यांचा अख्खा पिंजरा मागितला. तो सुरी थांबवून बघत राहिला. "पूरा पिंजरा? कायकू साब? सालन में तो नहीं समाता." मी म्हणालो, डॉक्टरी कामाला. "हौ, तो साफ करके देतूं." पैसे घेताना पुन्हा एकदा माझ्याकडे नीट पाहिलं त्यानं.

जिलेटिनमध्ये पिंजरा बसवताना फार त्रास. हाडांना बुडबुडे चिकटतात. वीज दोनदा गेली.

१२ फेब्रुवारी

पिंजरा घातलेला ठोकळा, त्यावर जॅकेट. एकनाथरावांचा नेम नेहमीसारखाच. गोळी अडली.

जॅकेट सोडलं तेव्हा ठोकळ्यातून स्पष्ट दिसलं. कापायचीही गरज नव्हती. समोरच्या बरगड्या मोडून आत वळल्या होत्या. एकीचं टोक, जिथे हृदय असतं, तिथे रुतलेलं.

एकनाथराव बंदूक खाली करून येत होते. ऊन फार होतं, जिलेटिन उन्हात लगेच पाघळतं, म्हणून मी ठोकळ्यावर ओलं पोतं टाकलं. "अडली का, साहेब?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "अडली." ते खरंच होतं.

१३ फेब्रुवारी

कुलदीप आणि मी आज बराच वेळ बोललो. तो ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "एजन्सीच्या कागदावर काय लिहिलंय? गोळी आरपार जाऊ नये. गेली का? नाही गेली. बरगड्यांचं कुठे लिहिलंय?"

मी म्हणालो, कागद लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल.

"मग असं बघ. कट्ट्यात पिस्तुलाचीही गोळी असते. ती तर मच्छरासारखी अडते ना आपल्यात? आज त्या माणसांच्या अंगावर काय आहे? खाकी सदरा. सदऱ्यापेक्षा आपलं जॅकेट बरं का वाईट, ते बोल."

बरं. नक्कीच बरं. शिवाय बकऱ्याच्या बरगड्या माणसापेक्षा बारीक असतात, ही गोष्ट मी घाईत विसरलोच होतो. आणि आमची बंदूक लांब नळीची, कट्ट्यातून गोळी इतक्या वेगानं सुटत नाही. घाईनं निष्कर्ष काढू नये, हे मीच प्रयोगशाळेत नव्या पोरांना शिकवत असे. आणखी काही चाचण्या करून मग काय ते ठरवू. तोवर माल द्यायचा नाही, एवढं मी कुलदीपला सांगितलं. तो हौ म्हणाला.

२६ फेब्रुवारी

शेडमध्ये काम जोरात. शिवणाऱ्या बायका दोन होत्या त्या पाच झाल्या. कुलदीप म्हणतो, माल तयार असलेला बरा. मागच्या भिंतीशी रचलेली चळत मात्र कमी झालेली दिसली. विचारलं तर म्हणाला, नमुने पाठवलेत, मुंबईला, नागपूरला, प्रदर्शनालाही. त्याची धडपड पाहून मला माझ्या सुस्तपणाची लाज वाटते. मी अजून मागच्या थराला कसलं अस्तर द्यावं याच विचारात. लोकर दाबून केलेला नमदा लावून पाहिला, उपयोग नाही.

७ मार्च

जेवताना शैलाला सगळं सांगितलं. बरगड्या, पोतं, सगळं. ती ताटात भात कालवत ऐकत होती.

"पोतं उन्हासाठी टाकलंत?"

"हो. पाघळतं ते."

"मग त्याआधीच्या ठोकळ्यांवर का नाही टाकलंत?"

तेव्हा ऊन इतकं नव्हतं, असं मी म्हणालो. जानेवारी होता. तिनं आमटी वाढली. हल्ली ती माझ्या कामाबद्दल फारसं विचारत नाही.

१९ मार्च

शैलाबरोबर तिच्या चष्म्यासाठी विद्यानगरला गेलो होतो. परत येताना एजन्सीची राखण असलेल्या एका फायनान्स कंपनीच्या शाखेसमोर एकनाथराव दिसले. खांद्याला बंदूक, अंगात आमचं जॅकेट. नमुना नव्हे. एजन्सीचा बिल्ला शिवलेलं.

मला पाहून त्यांनी कडक सलाम ठोकला. "गेल्या महिन्यापासून घालतो, साहेब. समद्या पोरांना दिलेत."

 काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "इथे उन्हात का उभे? तिकडे सावली आहे."

शाखेच्या पायऱ्यांना लागून एक जाड सिमेंटचा खांब आहे. तिथून दार दिसतं, रस्ता दिसतो आणि माणूस झाकलेला राहतो. कोणीही फौजी तिथेच उभा राहील. "आधी तिथंच हुभा राहायचो," ते म्हणाले. "हितले मॅनेजर म्हनायचे, दारासमोर हुभं राहा, गिऱ्हाइकाला दिसाया पायजे. मी ऐकत नव्हतो. आता काय?" आणि त्यांनी छातीवर थाप मारली. "आता खांब बरोबरच हाय की."

घरी येईपर्यंत शैला माझ्याशी काय बोलत होती, मला आठवत नाही.

तो माणूस आमच्या जॅकेटमुळे खांबामागून बाहेर आला. सदऱ्यापेक्षा जॅकेट बरं, हा हिशेब आम्ही मांडला. पण सदऱ्यातला माणूस खांबामागे होता.

२० मार्च

कुलदीपनं नाकारलं नाही. एजन्सीला जॅकेटच्या पहिल्या चाचणीनंतर लगेच माल द्यायला सुरुवात केली होती. "तुला सांगितलं असतं तर तू दिला नसतास. तुझं संशोधन पुढच्या दिवाळीपर्यंत चाललं असतं आणि शेडला टाळं लागलं असतं. मी घर गहाण ठेवलंय, उदयभाऊ. तुला मालूम नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस."

खरंच विचारलं नव्हतं.

मी त्याला खांबाचं सांगितलं. तो बराच वेळ कात्रीनं कापडाची एकच कड कुरतडत बसला. मग म्हणाला, "तो स्वतःहून बाहेर आला. मी नाही म्हटलं त्याला, बाहेर ये म्हणून."

"कुलदीप, आपण म्हटलं."

तो उठून गेला. शिवणाऱ्या बायकांनी मशिनं थांबवली होती. मी बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

२४ मार्च

एकनाथरावांना सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये बोलावलं. बरगड्यांचा ठोकळा कूलरमध्ये होता, कडेनं थोडा गढूळलेला, पण आतलं दिसत होतं. टेबलावर ठेवला. पोतं काढलं.

त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं. मोडलेल्या टोकावरून, जिलेटिनच्या बाहेरून, बोट फिरवलं.

"ही मी मारलेली?"

"हो. त्या दिवशी."

"तुम्ही म्हनले, अडली."

"अडली होती. एकनाथराव, मी..."

त्यांनी हात वर केला. मी थांबलो. ते स्टुलावर बसले. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "साहेब, म्हैनाभर मी घरून निघताना भिलो नाही. पंधरा साल फौजेत होतो, तिथं रोज भ्यायचो. ह्या म्हैन्यात पैल्यांदा नाही भिलो. तेवढं तुम्ही काढून घेतलं आज."

मी म्हणालो, जॅकेट परत करा, दुसरं काही होईपर्यंत.

"परत कशापाई? पिस्तुलाची अडती ना? मग घालतो. फकस्त आता खांबामागं हुभं राहून घालतो." दारापर्यंत गेले आणि वळले. "बाकीच्या पोरांना कोन सांगनार?"

९ एप्रिल

मीच सांगितलं. एजन्सीच्या मॅनेजरनं माझा अहवाल चाळून म्हटलं होतं, "जॅकेट पास आहे ना? मग रखवालदारांना हाडं दाखवून घाबरवता कशाला?" म्हणून एकनाथरावच पोरांना दोन-तीनच्या टोळीनं सुट्टीच्या दिवशी शेडवर आणू लागले. तेलुगू पोरांना तेच समजावून सांगतात. मी ठोकळा दाखवतो. कोणी हसतं, कोणी एकदा पाहून तोंड फिरवतं. आज एकजण म्हणाला, "सार, बकरी कदा?" बकरीच ना? मी हो म्हणालो. त्याला बरं वाटलं. मग मी माणसाच्या छातीचं चित्र काढलं आणि त्याचं बरं वाटणं गेलं.

दोघांनी नोकरी सोडली असं कळलं. त्यातल्या एकाच्या घरी दोन लहान मुलं आहेत. हे मी नोंदवून ठेवतो, कारण खरं सांगितल्यावर सगळ्यांचं भलंच झालं असं मला पुढे कधी वाटू नये.

१७ एप्रिल

कुलदीप सकाळीच घरी आला. महिनाभर आम्ही धड बोललो नव्हतो. शैलानं चहा ठेवला. त्याच्या हातात रबरासारख्या हलक्या, जाड पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या. बेगम बाजारात चपलांचे तळ कापणाऱ्याकडून आणलेल्या.

"दाबून बघ," तो म्हणाला. "दबतं, पण जोरानं मारलं की कडक होतं. मी काल हातोडीनं मारत बसलो होतो. माझी आई म्हणाली, याचं डोकं फिरलं."

मी दाबून पाहिलं. दोन थरांमध्ये पातळ कडक पत्रा घातला तर धक्का पसरेल. आम्ही तिथेच, जेवणाच्या टेबलावर, शैलाचं लाटणं घेऊन पट्ट्यांवर मारायला लागलो. झाल्या गोष्टीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. जाताना दारात म्हणाला, "पुढचा माल थांबवलाय मी."

८ मे

चपलेच्या पट्ट्यांची नवी गादी आतून लावलेलं जॅकेट मैदानावर चाललं. बरगड्यांना एक बारीक चीर, बस्स. आनंद आवरून लिहितो, कारण दुसरी गोष्ट लगेच कळली. जॅकेट जड झालं, आणि मुख्य म्हणजे चपलेचं रबर अंगाला चिकटून वारा बंद करतं. मैदानावर एकनाथरावांनी ते थोडा वेळ घातलं, तर ते घामानं पाठीपर्यंत भिजले.

"घालतील का पोरं?" मी विचारलं.

"सकाळी घालतील. दुपारी खुर्चीला अडकवतील."

१५ मे

आज ते जॅकेट घालून मीच विद्यानगरच्या खांबामागे एकनाथरावांशेजारी उभा राहिलो. शैलानं कांदा खिशात ठेवा म्हणून दिला, डब्यात दहीभात. कुलदीप हसत होता.

माझं दुपारच्या जेवणापर्यंतही निभलं नाही. आधी मान तापली, मग डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं, आणि माझ्या हातांनी माझ्या नकळत बंद सोडले. मी, ज्यानं त्या बरगड्या पाहिल्या आहेत, ज्यानं ते शिवून घेतलं, त्यानं ते काढून पायरीवर टाकलं. शाखेत झाडलोट करणाऱ्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. नरसम्मा त्यांचं नाव. "अय्यो, कूचोंडी सार," म्हणत त्यांनी मला खाली बसवलं.

 एकनाथरावांनी माझं जॅकेट उचलून घडी करून ठेवलं.

२२ मे

गादी सगळीकडे लावता येत नाही. मग कुठे लावायची? आज दिवसभर माणसाच्या छातीच्या चित्रापुढे बसलो होतो. जिथे गादी नाही तिथे हाड मोडेल. म्हणजे दुसऱ्याचं शरीर पुढे घेऊन त्याचं कुठलं हाड मोडलं तर चालेल, हे मी ठरवत होतो. प्रयोगशाळेत असताना असं काही मनात आलं नव्हतं. तिथे नेहमी ठोकळाच असायचा.

संध्याकाळी एकनाथरावांना बोलावलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. ते चित्राकडे न बघता स्वतःच्या सदऱ्यावर बोट ठेवत गेले. "हितं. मधोमध, आन डाव्या अंगाला. काळीज झाकलं पायजे. उजवीकडं मोडू द्या, उजवीकडचं सोसंल. फौजेत पाह्यलंय." मग थोडं थांबून, "पोटाला काही नका लावू, वाकता येत नाही."

कुलदीपनं त्याप्रमाणे कागद कापला. तळहातापेक्षा थोडी मोठी गादी निघाली. हवा खेळायला बाजूनं वाट राहिली. त्यानं आत एक कापडी पट्टी शिवायची ठरवलं आहे, तेलुगूत, हिंदीत आणि मराठीत: गादी कुठवर आहे आणि गोळी कुठे लागली तर काय होईल. "असलं लिहिलेला माल कोण विकत घेणार, ते मला नक्को विचारू," तो म्हणाला. पण छापायला टाकलं.

१९ जून

एजन्सीनं जुनी जॅकेटं बदलून घ्यायला होकार दिला. मॅनेजर खूश नाही. रखवालदारांनीच मागितली म्हणून नाइलाज झाला. शैलानं आज बऱ्याच दिवसांनी शेडवर येऊन शिवलेल्या पट्ट्या वाचल्या. मराठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या.

२८ जुलै

संध्याकाळी ज्योतीचा फोन. तिला मी कधी भेटलो नव्हतो. "बाबांना गोळी लागली. तुम्ही जॅकेटवाले ना?" एवढंच म्हणून दवाखान्याचं नाव सांगितलं.

शाखा बंद व्हायच्या वेळेला मोटारसायकलवरून दोघे आले. एकाजवळ कट्टा. एकनाथराव खांबामागे होते, बंदूक हातात. पण नरसम्मा पायऱ्या धूत होत्या, नेमक्या मध्ये. घाबरून जागीच उभ्या राहिल्या. एकनाथरावांना बार टाकता येईना. ते खांबामागून बाहेर आले, त्यांना धरून बाजूला ओढलं, आणि गोळी लागली. ते दोघे घाबरले आणि काही न घेता पळाले. बाईंना खरचटलंसुद्धा नाही.

बारा बोरचीच, आमच्या चाचणीतली जाड गोळी. जॅकेटनं अडवली. उजवीकडच्या बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला मार आहे. डॉक्टर म्हणतात, वाचतील.

३१ जुलै

आज भेटू दिलं. कुलदीप दाराशीच थांबला, आत यायला धजावेना. एकनाथराव उशांना टेकून बसले होते, श्वास तोडून तोडून घेत होते. ज्योती खिडकीपाशी उभी. विशीची असेल. मला नमस्कार केला नाही.

"एक विचारायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "हे अंगात नसतं तर बाबा खांबाच्या बाहेर आले असते?"

मी गेले तीन दिवस हेच स्वतःला विचारतो आहे. म्हणालो, "मला माहीत नाही."

"आले नसते. मला माहीत आहे. म्हणजे तुमच्यामुळेच लागली त्यांना."

"ज्योती," एकनाथराव म्हणाले. बोलताना त्यांना कळ आली. "त्यांनी मला हाडं दावली होती. उजवीकडं मोडंल, हे मीच सांगितलं व्हतं त्यांना. मला ठाऊक व्हतं काय मोडनार ते." थोडा वेळ नुसता श्वास. "नसतं घातलं तर आलो असतो का... ते मलाबी सांगता येत नाही. त्या बाईला इचार. ती म्हनंल आला असता."

ज्योतीनं तोंड फिरवून घेतलं. खाली रस्त्यावर कोणी भाजीवाला ओरडत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

मग एकनाथरावांनी डाव्या हातानं अंगावरची चादर खाली ओढली. उजव्या बाजूला जांभळा-काळा डाग, मधोमध जवळजवळ काळा, कडांना पिवळसर. गादी जिथे संपते त्या सरळ कडेपाशी तो अचानक फिका झालेला होता. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला नुसती लाली. कागद कापावा तशी रेघ.

बघवेना म्हणून मी मान खाली घातली.

"बघा की," ते म्हणाले. "बकऱ्यावर किती मारलं तुम्ही. हे खरं माणूस हाय. मोजून घ्या. पुढच्याला गादी कुठवर पायजे ते कळंल."

"आज नको."

"मंग कवा? आठ दिसांत निघून जाईल हा."

माझ्याजवळ मोजायला काही नव्हतं. नर्सच्या ट्रेमधून बँडेजची पट्टी घेतली. एक टोक छातीच्या हाडापाशी धरलं आणि दुसरं डागाच्या बाहेरच्या कडेला न्यायला गेलो, पण त्यांच्या श्वासाबरोबर पट्टी सारखी घसरत होती आणि प्रत्येक वेळी त्यांना लागत होतं. ते डोळे मिटून पडून होते.

ज्योती खिडकीपासून आली. माझ्याकडे न बघता तिनं पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि जिथे काळं संपत होतं तिथे, अगदी हलकं बोट टेकून, घट्ट ठेवलं.

"घ्या," ती म्हणाली. "लवकर घ्या."